दोन पंप

(पहाटे साडेपाच. ठाणे, माजिवडा नाका. पुलाखाली रिक्षांची रांग.)

हँडलजवळच्या खणात सुटे पैसे, फडकं आणि दम्याचा निळा पंप. ‘एक पंप गाडीला, एक मला,’ काका सांगतात. हसायला जातात आणि खोकला लागतो.

काकांची रिक्षा सीएनजीवरची. पुढचा कंटेनर डिझेलवरचा. न्हावा शेव्याच्या बंदरातून गुजरातकडे निघालेली ही धुडं घोडबंदर रोडवरूनच जातात. गायमुखच्या चढावर एखादं बंद पडलं की मागे सगळं खोळंबतं. त्यात मेट्रोच्या कामाची धूळ. गाडीवाले काचा वर करतात. रिक्षाला काचा कुठल्या?

(दवाखाना. भिंतीवर फुप्फुसांचं चित्र.)

दमेकऱ्याच्या श्वासनळ्या मुळातच सुजलेल्या, चिडक्या. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान, नाकात न अडकता खोल उतरतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत कफ दाटतो. घेतलेला श्वास बाहेर पडेना होतो. छातीत शिट्टी वाजते ती त्याचीच. दमा धुरानेच होतो असं नाही, काकांच्या आईलाही होता. पण असलेला दमा धूर चाळवतो.

मोबाइल मात्र म्हणतो, हवा ‘मध्यम’. या कणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो, तोही यंत्र जिथे बसवलंय तिथल्या हवेचा. सायलेन्सरमागे काढलेली चाळीस मिनिटं त्यात कुठे दिसणार? शिवाय दिवसाच्या सरासरीत या कणांची आपली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५.

काकांनी युक्ती काढली होती: पहाटेची पाळी. रस्ता रिकामा, हवा चांगली. हिवाळ्यात नेमकं उलटं होतं. वारा पडलेला, जमिनीलगतची हवा गार, तिच्यावर उबदार थराचं झाकण. रात्रभर धावलेल्या ट्रकांचा धूर खालीच राहतो. आणि दम्याचाही जोर पहाटेच जास्त.

(रिक्षा चालू. मागून प्रवाशाचा आवाज.)

‘काका, पंप नका घेऊ, सवय लागते.’ हा सल्ला दिवसाआड मिळतो, फुकट. ऐकून काकांनी मध्यंतरी गोळ्या सुरू केल्या. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली. पंपाच्या एका फवाऱ्यात सालब्युटामॉल, म्हणजे नळी उघडणारं औषध, १०० मायक्रोग्रॅम. ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट, तेही सगळ्या अंगात फिरून येणारं. सवयीची भीती असलीच तर ती वेगळी. निळा पंप तेवढ्यापुरती नळी उघडतो, सूज उतरवत नाही. सुजेसाठी दुसरा, रोजचा पंप असतो. पावसात हवा धुऊन निघते, बरं वाटतं, काका तो बंद करतात. दिवाळीला परत घरघर.

मास्क लावून पाहिला. गिऱ्हाईक विचारतं, ‘काका, कोरोना आहे का?’

डॉक्टर म्हणाले, थंडीत तरी पहाट सोडा. शाळा-ऑफिसच्या फेऱ्या सोडल्या तर मालकाचं दिवसाचं भाडं निघत नाही. डॉक्टरांनी पुढे काही म्हटलं नाही.

(सहा वाजले. दप्तर पाठीला लावलेला मुलगा आणि त्याची आई.)

‘काका, कासारवडवली?’

काका मान हलवतात. पंप हलवतात, एक फवारा ओढतात, मनात दहा आकडे मोजत श्वास धरून ठेवतात. मग मीटर टाकतात.