नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगर

[दृश्य: तळहातावर चांदीचं छोटं नाणं]

नाणं जरा उजेडाकडे तिरकं धरूया. मध्ये तीन कमानींचा डोंगर, त्याच्याखाली नागमोडी रेघ. आता डोंगराच्या कडेला बघा. नाक दिसतंय? आणि काठावर पुसट झालेली ग्रीक अक्षरं?

नाक आहे क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपानाचं. त्यावर ठोकलेला डोंगर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी मुळात नहपानाची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहनांनी आपला छाप मारलेला.

म्हणजे युद्ध झालं, आणि कोण जिंकलं तेही कळलं. पण ते कुठल्या माळावर झालं, हत्ती किती होते, पहिला हल्ला कोणी केला, यातलं कोणीच काही लिहून ठेवलेलं नाही. आपल्या हाती आहे ती ही चांदी आणि नाशिकच्या पांडवलेणीतले काही लेख, त्यांतले दोन तर चक्क जमिनीचे सरकारी हुकूम. मला विचाराल तर हे बरंच झालं. भाट वाढवून सांगतो, तलाठी सहसा नाही.

[दृश्य: नाणेघाट, खाली कोकण]

भांडण होतं घाटांचं. पैठणचा, तेरचा माल घाटमाथ्यावर यायचा, जुन्नरवरून नाणेघाट उतरला की कल्याण आणि सोपारा, पुढे समुद्र. घाट ज्याचा, जकात त्याची. नहपानाच्या राजवटीतले लेख कुठे सापडतात? नाशिक, कार्ले, जुन्नर. नेमके घाटांच्या तोंडाशी! त्या काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी टिपणात तर अशी नोंद आहे, की कल्याणला शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती असे. आणि भडोच क्षत्रपांचं. सातवाहनांचं नाक असं दाबलेलं होतं.

नहपानाचा जावई ऋषभदत्त हा या गोष्टीतला सगळ्यात बोलका माणूस. पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात त्यानं स्वतःच कोरून ठेवलंय: मालवांनी पावसाळाभर कोंडून धरलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला गेलो, तर माझी चाहूल लागताच मालव पळाले. मग पुष्करला स्नान केलं, ३,००० गाई आणि एक गाव दान दिलं.

बढाई बाजूला ठेवू. नकाशा बघू. नाशकात लेणं कोरवणारा माणूस राजस्थानात लढायला जातोय. फौज इतकी लांब न्यायची, तर मागे घाटावर किती उरत असेल?

[दृश्य: तिसऱ्या लेण्याची ओसरी. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं]

आणि मग हा हुकूम. गौतमीपुत्राच्या कारकिर्दीचं १८वं वर्ष. ‘विजयखधावारा’, म्हणजे विजयी सैन्याच्या छावणीतून. गोवर्धनचा, म्हणजे नाशिकजवळच्या तेव्हाच्या ठाण्याचा, अमात्य विष्णुपालित याला आज्ञा: ऋषभदत्ताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना द्यावं.

मिती पावसाळ्यातली आहे. पावसाळ्यात फौजा घरी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, ही आपल्याकडची पुढच्या काळातली ओळखीची रीत. इथे भर पावसाळ्यात छावणी पडली आहे आणि राजा तिथूनच सातबारा फिरवतोय. शत्रूच्या जावयाचं नाव खोडायची एवढी घाई!

नाण्यांचंही तेच. वितळवून नवी पाडता आली असती. पण वितळवली की नहपान उरत नाही. वरून ठोकली की हरलेला नहपान बाजारात हातोहाती फिरतो. यात काटकसर किती आणि खोडसाळपणा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला खोडसाळपणा जास्त दिसतो.

पुढे नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी आजी गौतमी बलश्रीनं याच लेण्यात लेकाचे गुण कोरवले. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, असा. आणि त्याच लेखात हेही, की अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला त्याचं मन होत नसे. आईच ती, दोन्ही लिहिणार.

[दृश्य: त्याच भिंतीवर दुसरा लेख. कॅमेरा सावकाश]

त्या शेताचं पुढे काय झालं? २४व्या वर्षी, म्हणजे सहा वर्षांनी, आणखी एक हुकूम निघाला. तोही याच लेण्यात आहे. आता गोवर्धनला अमात्य श्यामक आहे. भिक्षूंना दिलेलं ते शेत कसलं जात नाही, असं त्यात लिहिलंय. गावही वसलेलं नाही. का, ते लिहिलेलं नाही. म्हणून नगराच्या शिवेवरची सरकारी जमीन त्यांना द्यावी.

१०० निवर्तनं.