कातळशिल्प पाहायचं कसं? खान्देशातून कोकणात निघण्याआधी

राम राम मंडळी. कातळशिल्पं म्हणजे कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर, कोरलेली जुनी चित्रं. रत्नागिरीला जाऊन आलेली बरीच माणसं सांगतात, "कातळशिल्पं बघितली, पण फारसं काही दिसलं नाही." बहुतेक वेळा ही माणसं दुपारी बारा वाजता सड्यावर उभी असतात. त्या वेळी तिथे खरंच काही दिसत नाही.

कारण दगडात आहे. आपल्या खान्देशात बहुतेक ठिकाणी जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे. कोकणातला जांभाही मुळात त्याच दगडातून झालाय. धो धो पावसाने त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. या जांभ्याची सपाट पठारं म्हणजे सडा. सड्याची वरची कवची काळपट आणि टणक, आत लालसर, छिद्रांनी भरलेला दगड. चिरेखाणीत, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे ठोकळे काढतात तिथे, ताजा चिरा कापताना हा फरक लगेच कळतो. म्हणजे चित्र नुकतं कोरलं असेल तेव्हा काळ्यावर तांबडी रेष उठून दिसत असणार. आज रेषेच्या आतला दगडही बाहेरच्यासारखाच काळवंडलाय. रंग गेला, उरली ती फक्त खोली, आणि तीही बहुतेक ठिकाणी काही सेंटीमीटर. खोली दिसायला सावली लागते.

[पडद्यावर: एकच शिल्प, दुपारी आणि सूर्यास्ताआधी]

म्हणून सूर्योदयानंतरचा एक तास किंवा सूर्यास्ताआधीचा एक तास. नांगरलेल्या रानात संध्याकाळी नांगराचे तास कसे उठून दिसतात, तोच प्रकार. यातही एक मेख आहे: उन्हाच्या दिशेला समांतर असलेल्या रेषांना सावली पडतच नाही. सकाळी प्राण्याची पाठ दिसते, पाय गायब. त्यामुळे एक शिल्प नीट पाहायचं तर सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही द्या. रात्री थांबायची परवानगी असेल तर टॉर्च जमिनीलगत, जवळजवळ आडवी धरा आणि चारही बाजूंनी फिरवा. वरून मारलेला फ्लॅश सगळं सपाट करतो.

ऋतू? पाऊस संपून गवत वाळलं की. पावसाळ्यात रेषांमध्ये माती आणि पाणी साचतं, वर गवत. आणि एप्रिल-मे नको. जळगावचं ऊन पचवणाऱ्यालाही सडा भाजून काढतो, झाड नावाला नाही. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, जळगावहून थेट रत्नागिरीला जाते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेवढं तपासा.

कुठे जायचं? २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली, आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं. एकच दिवस असेल तर आमचं मत रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी गावाला. हत्तीचं चित्र सुटसुटीत आहे, गावाने जपलंय, पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या डोळ्याला सवय होते. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. तिथे आधी गेलात तर गोंधळ उडेल. बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस आहे. काही सड्यांवर गेंडाही कोरलेला आहे, जो आज कोकणात कुठेच नाही.

देवाचे गोठणे इथे होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, दगडातल्या चुंबकत्वामुळे. पर्यटक त्याचे व्हिडिओ काढतात, पण नोंद करणाऱ्याला तो खरा त्रास आहे. फोटोत उत्तर दिशेचा बाण ठेवायचा तर मोबाइलच्या होकायंत्रावर भिस्त ठेवू नका. जीपीएसवर सरळ रेषेत बरंच अंतर चालून दिशा काढा. फोटोत मोजपट्टी हवी, चप्पल किंवा पाण्याची बाटली नको. त्रिमितीय नमुना बनवायचा असेल तर मात्र उलट करा: ढगाळ, सारखा उजेड घ्या आणि प्रत्येक फोटो आधीच्यावर ६० ते ८० टक्के चढू द्या. तिरपं ऊन असेल तर सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअर फसतं.

आता "किती जुनं?" इथे आपल्या चाळीसगावचं पाटणे आठवा. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, वर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. हे सांगता आलं, कारण कवचात कार्बन असतो आणि त्यावरून वय मोजता येतं. जांभ्यात मोजण्याजोगा कार्बन नाही, आणि उघड्या सड्यावर ज्यावरून काळ काढता येईल असा, शिल्पाला झाकणारा मातीचा जुना थरही सहसा नाही. म्हणून कातळशिल्पांची वयं आजूबाजूच्या पुराव्यावरून आणि कोरलेल्या प्राण्यांवरून अंदाजाने काढतात. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली, पण त्यांवरून माणसांचा वावर कळतो. तीच माणसं शिल्पं कोरत होती, हे त्यातून सिद्ध होत नाही. कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगितला, तर तो कसा काढला ते विचारा.

नुकसान कशाने होतं? चिरेखाणीने आणि रस्त्याने तर होतंच. आपल्यासारख्यांकडून होतं ते खडू, चुना, रांगोळीने. फोटोसाठी रेषा भरली की भरणाऱ्याच्या मनातली रेष पक्की होते, आणि पुढचा माणूस तीच खरी समजतो. शिवाय ती पूड जांभ्याच्या छिद्रांत बसते, निघता निघत नाही. रेषेच्या काठावर पाय ठेवू नका, काठ ठिसूळ असतो, तुकडा सुटतो. माती असेल तर मऊ केरसुणी पुरे. तारेचा ब्रश, खुरपं बाजूला ठेवा, दगडफूल खरवडू नका.

सड्यावर फिरताना कुठेच नोंद नसलेलं शिल्प सापडलं, तर खुणेची दगडं रचू नका आणि ठिकाण लगेच इंस्टाग्रामवर टाकू नका. बरेच सडे खासगी मालकीचे असतात. आधी जमीनमालक आणि ग्रामपंचायत, मग राज्य पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरी कार्यालय. सोबत द्या तीन गोष्टी: जीपीएसचे आकडे, मोजपट्टीसह फोटो, आणि फोटो किती वाजता काढला ती वेळ. वेळ कळली की ऊन कुठून होतं ते कळतं, आणि फोटोत कुठली रेष लपली असेल तेही.