हात मोडलाय, नखं गुलाबी आहेत का?

१४ जानेवारी. वडोदऱ्याचा दांडिया बाजार सकाळपासून गच्चीवर आहे. "काप्यो छे!" म्हणून ओरडण्यात आपली मराठी पोरंही मागे नाहीत. पतंगाकडे बघत उलट्या पावलांनी सरकणारा सात वर्षांचा मुलगा पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरून खाली येतो, ताठ हातावर.

कोपर वाकडं दिसतंय. आजी तेलाची वाटी आणते. काका म्हणतात, "ओढून सरळ करतो." दोघांचाही जीव तुटतोय, पण त्यांना थांबवा.

याच दांडिया बाजारात जुम्मादादांचा आखाडा आहे. तिथले प्रोफेसर माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. त्या हातांबद्दल आदर ठेवूनच सांगतो, आज एक्स-रे काढल्याशिवाय हाडाला हात लावू देऊ नका.

कारण मुलांचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं, तेव्हा हाताची मुख्य रोहिणी, म्हणजे हाताला रक्त पुरवणारी वाहिनी, त्या टोकदार कडेला खेटून असते. चोळलं, ओढलं की तीच चिमटते.

म्हणून आधी नखं बघा. नख दाबलं की पांढरं पडतं. सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर नाडी लागते का? बोटांना स्पर्श कळतो का? कडं, अंगठी, मनगटातला दोरा सूज चढायच्या आत काढा.

मग हात जसा आहे तसाच आधाराला घ्या. वर्तमानपत्राची जाड घडी, वर ओढणी. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत. बांधून झालं की नख पुन्हा दाबा. गुलाबी व्हायला वेळ लागला तर गाठ सैल करा.

हाड कातडीबाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कापडाने झाका. मांडीचं हाड मोडलं असेल तर स्कूटरवर मध्ये बसवून नेऊ नका, १०८ला फोन करा. मांडीच्या आत लिटरभर रक्त साचू शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही.

आणि रडतोय म्हणून तिळगूळ भरवू नका. पोटात अन्न असलं की भूल देणं लांबतं.

प्लास्टर घालून मुलगा घरी आला. हात उशीवर, छातीच्या वर. औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं हळूच सरळ करताना तो किंचाळला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच पावली पुन्हा दवाखान्यात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.