मटण पपईने शिजत नाही

मंडळी, पाटीवर विषय लिहिलाय ‘विकरे आणि अभिक्रियेची ऊर्जा’. पुढच्या दोन रांगा रिकाम्या का, ते कळलं. विकर म्हणजे एन्झाइम. जो शब्द आधी तोंडात येईल तो वापरीन.

सुरुवात जून मटणाने करू. ‘कच्ची पपई घाला, मटण शिजतं’ असं घरोघरी म्हणतात. शिजत नाही हो! तुटतं. पपईच्या चिकातलं पॅपेन प्रथिनांची साखळी पाण्याच्या मदतीने कडीकडीने तोडतं. वर ‘पपई उष्ण, म्हणून मटण शिजतं’ असंही सांगतात. पपई मटणाला उष्णता देत नाही, काडीभरसुद्धा नाही.

किलोभर मटणाला सालासकट किसलेली कच्ची पपई दोन चमचे, अर्धा-पाऊण तास. साल टाकू नका, चीक तिथेच जास्त असतो. पिकलेल्या पपईत तो जवळपास उरत नाही. रात्रभर मुरवलंत तर वरचा थर पिठूळ आणि आत वादी तशीच, कारण पॅपेन आत फारसं झिरपत नाही. फ्रीजमध्ये त्याचं काम मंदावतं, थांबत नाही. 60-70 अंशांना ते सगळ्यात जोरात चालतं, म्हणून मंद आचेवर रेंगाळू नका. उकळी आली की त्याच्या रेणूची घडीच मोडते आणि काम थांबतं. उकळत्या रश्शात पपई टाकणाऱ्यांनी पपईची भाजी केली म्हणावं. (हसताय कोण, ते दिसतंय मला.)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

प्रथिन तुटलं की ऊर्जेने खालीच येतं, उतारच आहे. तरी नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला, एक कडी आपणहून तुटायला शेकडो वर्षं लागतात. का? मध्ये घाट आहे. कडी अर्धी तुटलेली, ताणलेली, अशी अवघड अवस्था म्हणजे घाटमाथा. आच वाढवली की जास्त रेणू माथ्यावर चढू शकतात. एन्झाइम त्या ताणलेल्या अवस्थेलाच धरून सावरतं, म्हणजे माथाच खाली येतो. पॅपेनमध्ये सिस्टीन या अमिनो आम्लाचं गंधक कडीला चिकटतं आणि शेजारचं हिस्टिडीन हे दुसरं अमिनो आम्ल हात देतं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आठवा: चढ वाचला, दोन्ही टोकांची उंची तीच राहिली. म्हणून एन्झाइममुळे समतोल, म्हणजे अभिक्रिया शेवटी जिथे स्थिरावते ती जागा, बदलत नाही, तिथे पोचायचा वेळ बदलतो.

आकडा एकच सांगतो. साध्या तापमानाला माथा मोलमागे 5.7 किलोज्यूल उतरला की वेग दहापट. हायड्रोजन पेरॉक्साइड आपणहून फुटायला मोलमागे सुमारे 75 किलोज्यूल लागतात. कॅटलेज हे एन्झाइम, बटाट्यातही असतं ते, तो आकडा 25च्याही खाली आणतं. वेगाची शून्यं तुम्हीच मोजा.

मेडिकलमधून ते पेरॉक्साइड आणा. एका वाटीत कच्च्या बटाट्याची चकती टाका, दुसरीत उकडलेल्याची. पहिलीत फेस येईल. दुसरी गप्प.