कान नव्हे, काटा

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस धरलाय, कणकुंबीकडं तर ऊन म्हणून नाही. अशा हवेत लहान विमान डोंगरावर का आदळतं, एवढंच आज सांगणार आहे.

२ सप्टेंबर २००९. आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या डोंगरात कोसळलं, आतले पाचही जण गेले. त्या आठवड्यात आमच्या बेळगावात, शहापुरातल्या सलूनमध्ये दुसरा विषयच नव्हता. तोंडाला साबण लावून मी म्हटलं, "ढग असेना, वर-खाली तर माणसाला कळतंच की!" कोपऱ्यात पेपर वाचणारे काका, सांबऱ्याला हवाई दलात नोकरी करून निवृत्त झालेले, चष्म्यावरून बघत म्हणाले, "कळतंय व्हय? पाव किलो कुंदा लागला."

कुंदाही हल्ली पहिल्यासारखा नाही बरं का, खवा पुरता भाजतच नाहीत.

तर, काकांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि खुर्ची उजवीकडं फिरवायला लागले. सावकाश, एका लयीत. थोड्या वेळानं मी म्हटलं, "थांबली." सलूनभर हशा. खुर्ची फिरतच होती! मग खरंच थांबवली आणि विचारलं, "आता कुठं फिरालास?" मी ठासून सांगितलं, "डावीकडं." टॉवेल निघाला. आरशात मी, गालावर वाळलेला साबण, खुर्ची जागच्या जागी. कुंदा अर्थात मीच आणला.

कानाच्या आत पाण्यासारखा द्रव असतो. वळण एकसारखं राहिलं की वीसेक सेकंदांत तोही सोबत फिरतो आणि कान सांगतो, सरळ चाललंय. ढगात क्षितिज दिसत नाही, मग कानाला खोटं पाडणार कोण? वैमानिकासमोरच्या यंत्रावरचा काटा. कान नव्हे, काटा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं १९५४ मध्ये, काट्यांवर उडायचा सराव नसलेल्या वीस जणांना ढगात असल्यासारखं विमान चालवायला लावलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत, श्रोतेहो!

सपाटीवर ढगाखाली उतरायला जागा तरी असते. चोर्ला घाटात ढग रस्त्यावरच बसलेला असतो. तिथं धुक्यात मोठे दिवे मारत येणाऱ्यांना मी काय म्हणतो, ते रेडिओवर नको.

रेड्डींच्या अपघातात मात्र चौकशीला वेगळंच दिसलं. तेलाच्या दाबाचा इशारा लागला, वैमानिक त्यातच गुंतले, आणि समोर वादळी ढग होता.

काकांची पैज त्यानं खोटी ठरत नाही. मी अजूनही त्याच सलूनमध्ये जातो. मी बसलो की सलूनवाले दादा आधी खुर्चीचा खटका लावतात.