दिसण्यावर जाऊ नका: बनावट ई-मेल आणि ऑनलाइन फसवणूक

(ठाण्यात ज्येष्ठ नागरिक आणि लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बनावट ई-मेल ओळखण्याच्या खुणा सांगाव्यात, अशी संयोजकांची विनंती आहे. त्या मी सांगणारच आहे. पण त्याआधी या खुणा कितपत उपयोगी पडतात, हे सांगणे मला अधिक आवश्यक वाटते. एके काळी अशुद्ध भाषा, वेडेवाकडे बोधचिन्ह आणि परदेशातल्या कुणा श्रीमंताच्या बेवारस संपत्तीची कथा एवढ्यावरूनच मेल खोटा असल्याचे कळत असे. आज संगणकाकडून निर्दोष मराठी लिहून घेता येते, बँकेचे बोधचिन्ह तिच्याच संकेतस्थळावरून उचलता येते आणि आपले नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक हे तपशील बहुधा कुठून ना कुठून आधीच बाहेर पडलेले असतात. म्हणून माझे म्हणणे असे, की संदेशाच्या रूपावरून त्याच्या खरेखोटेपणाचा निकाल लावायला बसू नये. संदेश ज्या वाटेने आला त्या वाटेने उत्तर देऊ नये. आपल्याला पूर्वीपासून ठाऊक असलेल्या दुसऱ्या वाटेने खातरजमा करावी.

याचे कारण ई-मेलच्या घडणीतच आहे. मेल पाठवण्याची आजही चालणारी पद्धत १९८२ साली ठरली, तेव्हा ती वापरणारे लोक मोजके आणि बहुतांशी एकमेकांना ओळखणारे होते. त्यामुळे पाठवणाऱ्याचे नाव म्हणून जे दिसते, ते पाठवणारा स्वतःच लिहितो. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचेही नाव लिहावे आणि पोस्टमनने ते तपासू नये, तसा हा प्रकार. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या आणि दुसऱ्याच्या पत्त्यावरून मेल पाठवणे बरेच अवघड झाले. मात्र मेल खरोखर त्याच पत्त्यावरून निघाला का, एवढेच या तपासण्या सांगतात. तो पत्ता घेणारा माणूस प्रामाणिक आहे का, हे त्या सांगत नाहीत. भामट्याने रीतसर पैसे भरून मिळताजुळता पत्ता घेतला, तर त्याचा मेल सगळ्या तपासण्यांत उत्तीर्ण होतो.

म्हणून पत्ता वाचायला शिकावे लागते. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे शेवटचे दोन शब्द खरा मालक सांगतात. शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘को डॉट इन’ असा असेल तर त्याआधीचा शब्दही पाहावा. डावीकडे ‘सिडको’, ‘लॉटरी’, ‘महाराष्ट्र’ असे कितीही शब्द घातलेले असोत, शेवट ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ असा असेल तर ते घरांची सोडत काढणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेचे संकेतस्थळ नव्हे. सिडकोच्या मुख्य संकेतस्थळाचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. महावितरणचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिचे अधिकृत संकेतस्थळ ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे. ‘महावितरण’ हे नाव त्यात नाहीच. म्हणजे ‘महावितरण-बिल-अपडेट’ अशा नावाचा खोटा पत्ता सामान्य ग्राहकाला खऱ्यापेक्षा अधिक खरा वाटणार. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अशी धमकी आली तर संदेशातल्या दुव्याला किंवा क्रमांकाला हात न लावता जुने छापील बिल काढावे आणि त्यावरच्या क्रमांकावर विचारावे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक चांगली सोय केली आहे. भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव शेवट तिने २०२५ साली जाहीर केला आणि त्या पत्त्यावर जाण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. दूरध्वनीसाठीही १६०० ने सुरू होणारी मालिका बँका आणि वित्तसंस्था यांच्या सेवाविषयक कॉलकरिता ठेवलेली आहे. एक तक्रार मात्र नोंदवतो. ‘अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका’ असे बजावणाऱ्या संस्था स्वतःच जाहिरातीच्या संदेशांतून आखूड केलेले दुवे पाठवत राहतात आणि ग्राहकाला नेमकी उलटी सवय लावतात.

अनेक जण सांगतात, ‘मी ओटीपी कुणालाही दिला नाही, तरी पैसे गेले.’ यात ते खोटे बोलत नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’, ‘गॅस बिल’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची फाइल येते आणि तिच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा असतो. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असते. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते, आपण सवयीने ‘अलाउ’ दाबतो आणि त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी आपल्याआधी भामट्यापर्यंत पोहोचतो. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण बहुधा त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो. खरे चलन लागले आहे का, हे वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून स्वतःच पाहता येते.

आता ठाण्यातल्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातून आलेल्या मंडळींसाठी थोडे विस्ताराने बोलतो, कारण त्यांची फसवणूक एका व्यवहारात कारखाना अडचणीत आणू शकते. येथे भामटा घाई करत नाही. तो पुरवठादाराच्या किंवा आपल्याच लेखापालाच्या मेलचा पासवर्ड मिळवतो आणि आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसतो. कोणता माल, कोणते बिल, पैसे कधी द्यायचे, कोण कोणाला ‘साहेब’ म्हणते, हे सगळे त्याला कळते. येणाऱ्या मेलच्या प्रती परस्पर आपल्याकडे वळवण्याचा नियमही तो खात्यात गुपचूप घालून ठेवतो. बिलाची तारीख जवळ आली, की त्याच जुन्या पत्रव्यवहाराच्या खाली एक शांत मेल येतो: आमच्या बँक खात्याचे लेखापरीक्षण सुरू असल्याने या वेळी रक्कम पुढील खात्यात जमा करावी. यात लॉटरी नाही, धमकी नाही, अशुद्ध भाषाही नाही. पत्ता कधी खराच असतो, तर कधी इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवलेले असतात, जे चाळिशीच्या चष्म्यातून तर दिसतच नाही.

येथे दोन गोष्टी कराव्यात. खाते बदलल्याची सूचना आली, की मेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर जुन्या खरेदी आदेशावरच्या क्रमांकावर फोन करून ओळखीच्या माणसाशी बोलावे. दुसरी गोष्ट लाभार्थीच्या नावाची. एनईएफटी आणि आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. अर्जात लिहिलेले नाव जुळते का, हे पाहिले जाईलच असे नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत लाभार्थीचे नाव आधी दाखवण्याची सोय देण्यास बँकांना सांगितले. ते नाव वाचावे. कंपनीच्या बिलासाठी कुणा व्यक्तीचे नाव दिसले, तर तेथेच थांबावे. आरटीजीएसने गेलेली रक्कम अंतिम असते, ती पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून मागे फिरत नाही.

यूपीआय आणि ‘डिजिटल अरेस्ट’ (म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर केलेली खोटी ‘अटक’) यांबद्दल आपण पुष्कळ ऐकले असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही घालावा लागत नाही. आणि व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही, त्यामुळे पलीकडच्या गणवेशाशी वाद घालण्यात अर्थ नाही. फोन बंद करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे.

आता पैसे गेल्यानंतरचे. घरातल्या माणसांनी ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, कारण तो ऐकावा लागू नये म्हणून माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात रक्कम इतरांकडून भाड्याने घेतलेल्या चार-पाच खात्यांतून फिरून काढून घेतली जाते. ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक लावावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम जवळ ठेवावी, कारण त्यांच्याच आधारे पुढच्या बँकेला रक्कम अडवता येते. त्याच वेळी आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर त्याच्यावर बोजा येत नाही. त्याने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे आपली चूक झाली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे.

मेल खाते ताब्यात गेले असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. सर्व उपकरणांवरून बाहेर पडावे, मेल परस्पर वळवण्याचा नियम शोधून काढावा, खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन आपलाच आहे ना, हे पाहावे. फोन मात्र लगेच फॉरमॅट करू नये. पुरावा त्यातच असतो.

राहणे ऐरोलीत, म्हणजे नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत, आणि बँकेची शाखा नौपाड्यात, म्हणजे ठाणे पोलिसांच्या. मग तक्रार कोठे द्यायची, असा प्रश्न पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. काही काळाने ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, थोडे शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो दुसरा डाव समजावा. अडवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी अशा मध्यस्थाची गरज नसते. आपला तक्रार क्रमांक घेऊन तपास अधिकाऱ्याला भेटावे आणि न्यायालयात अर्ज करावा लागेल का आणि तो कसा करायचा, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे.