परक्या सरकारवर दावा लावायचाय? आधी चिठ्ठी आणा

(सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचक मंडळात रविवारी सकाळी बोललो ते, थोडं साफसूफ करून.)

माझी प्रॅक्टिस शिवाजीनगर कोर्टात, त्यामुळे परदेशी सरकारं आणि वकिलाती काही माझ्या वाट्याला येत नाहीत, माझ्याकडे वाटण्या, भाडेकरू आणि चेक बाउन्स. पण या विषयाचा नाद लागला तो सयाजीराव गायकवाडांमुळे. लंडनमध्ये एका साहेबाने बायकोविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला आणि त्यात महाराजांना प्रतिवादी केलं! १९१२ च्या इंग्लिश लॉ रिपोर्टात ती केस छापलेली आहे. बायकोशी संबंध असल्याचा आरोप खरा का खोटा हे कोर्टाने तपासलंच नाही, कारण इंडिया ऑफिसकडून, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याकडून, पत्र आलं की हे सम्राटांच्या छत्राखाली आपला मुलूख चालवणारे राजे आहेत, आणि जज म्हणाले की मग राजावर आमच्या कोर्टात दावा चालत नाही, नाव वगळा.

आता तारखा बघा. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात याच महाराजांनी एकदाच वाकून पाठ फिरवली म्हणून इंग्रजांनी केवढा गहजब केला होता. म्हणजे दरबारात तुम्ही मांडलिक, नीट वाका, आणि कोर्टात तुम्ही राजे, तुम्हाला हात लावता येत नाही. मला कायद्यापेक्षा ते पत्र जास्त इंटरेस्टिंग वाटतं. पुस्तकात लिहितात की सगळी राज्यं समान, म्हणून एकाने दुसऱ्याचा न्याय करायचा नाही. छान आहे. पण प्रत्यक्षात केस उभी राहणार का नाही, हे बरेचदा कुठल्यातरी ऑफिसातून आलेली चिठ्ठी ठरवते.

आपल्याकडे तर ते कायद्यातच लिहून ठेवलंय, सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८६. परदेशी राज्यावर दिवाणी दावा लावायचा तर केंद्र सरकारची संमती पाहिजे, तीही सेक्रेटरीच्या सहीने लेखी. राजदूतांनाही तेच लागू. दिल्लीत एका ठेकेदाराने अल्जीरियाच्या वकिलातीत दुरुस्तीची कामं केली, बिल थकलं. आता हा काही युद्धगुन्ह्याचा मामला नाही हो, रंग-प्लास्टर-प्लंबिंगच्या पैशाचा मामला! त्याने परवानगी मागितली तर परराष्ट्र मंत्रालयाने राजकीय कारणास्तव नाही म्हणून कळवलं. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये कोर्टाने सांगितलं की असं नुसतं राजकीय कारण म्हणून झटकता येणार नाही, नीट विचार करून पुन्हा ठरवा. लक्षात घ्या, जिंकला म्हणजे काय जिंकला, तर फाइल पुन्हा त्याच टेबलावर गेली.

धंद्याच्या व्यवहारात मात्र हल्ली ही ढाल पातळ झालीय. इथिओपियन एअरलाइन्स ही सरकारी कंपनी, तिच्याकडे मुंबईहून दार-एस-सलामला पाठवलेला माल उशिरा पोचला, ग्राहक तक्रार झाली, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की तुम्ही विमानं चालवून पैसे घेता, इथे कलम ८६ आड येत नाही.

बरं, देश बाजूला ठेवा, देशाच्या माणसाचं काय? मोहम्मद अली समंतर, सोमालियाचे संरक्षणमंत्री, मग पंतप्रधान, सरकार कोसळल्यावर अमेरिकेत व्हर्जिनियात येऊन राहिले. ज्यांचा छळ झाला असे सोमाली लोकही अमेरिकेत पोचलेले, त्यांनी २००४ मध्ये दावा लावला. समंतर म्हणाले, मी जे केलं ते सरकार म्हणून केलं. २०१० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की परक्या देशांना दाव्यांपासून संरक्षण देणारा १९७६ चा इम्युनिटीचा कायदा देशांसाठी आहे, माणसांसाठी नाही. मग माणसांचं कोण ठरवणार? परत चिठ्ठी! स्टेट डिपार्टमेंटने, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, लिहून दिलं की यांना संरक्षण नाही, आणि २०१२ मध्ये २.१ कोटी डॉलरचा निकाल लागला.

आणि आता उलटी चिठ्ठी बघा. सौदी पत्रकार जमाल खाशोगी २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी कॉन्सुलेटमध्ये मारले गेले, त्यांच्या होणाऱ्या बायकोने सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्यावर अमेरिकेत दावा लावला. २०२२ च्या सप्टेंबरात युवराज पंतप्रधान झाले, नोव्हेंबरात अमेरिकन सरकारने लिहून दिलं की पदावरच्या पंतप्रधानांना संरक्षण आहे, डिसेंबरात दावा फेटाळला. जजने निकालात आपली अस्वस्थता लिहून ठेवलीय, पण दावा फेटाळलाच. समंतर खुर्चीतून उतरलेले, हे नुकतेच खुर्चीत बसलेले, एवढाच फरक, आणि माझ्या मते तोच सगळ्यात टोचणारा आहे.

आपल्या परराष्ट्र सेवेतल्या देवयानी खोब्रागडे आठवतात ना? ती केस फौजदारी, पण चाल तीच. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला कॉन्सुलेटमध्ये असताना अटक झाली, तिथे संरक्षण फक्त ऑफिसच्या कामापुरतं. मग आपण त्यांची बदली यूएनच्या मिशनमध्ये केली, तिथे पूर्ण संरक्षण, आणि मार्च २०१४ मध्ये आरोपपत्र रद्द झालं. दोन दिवसांत नवीन दाखल झालं, ते सोडा.

शेवटी एका काकांनी विचारलं, समजा माझा फ्लॅट मी वकिलातीला भाड्याने दिला आणि त्यांनी भाडं थकवलं तर? काका, त्याच कलमात लिहिलंय की परदेशी राज्य घरमालक असेल तर त्याचा भाडेकरू परवानगीशिवाय दावा लावू शकतो. तुम्ही मालक आहात, तेव्हा तुम्हाला दिल्लीला अर्ज करावा लागेल. काका म्हणाले, म्हणजे तिथेही भाडेकरूच.